वक्र अवकाश-कालातील परिवलनी वस्तूंची गती

स्वतःच्या अक्षाभोवती फिरणारी वस्तू गुरुत्वीय क्षेत्रातून जात असताना तिचा मार्ग आणि तिच्या परिवलन अक्षाची दिशा यांमध्ये कोणते बदल होतात, याचा विचार या विषयात केला जातो. अशी वस्तू म्हणजे प्रयोगशाळेतील घूर्णी, कृत्रिम उपग्रहात ठेवलेला क्वॉर्ट्‌झचा गोळा, चंद्रासह सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी, पल्सार किंवा कृष्ण विवर यांपैकी काहीही असू शकते. न्यूटन यांच्या यामिकीनुसार, पूर्णपणे गोल असलेल्या आणि कोणतेही बाह्य परिबल लागू नसलेल्या वस्तूचा परिवलन अक्ष दूरच्या ताऱ्यांच्या सापेक्ष सदैव एकाच दिशेकडे रोखलेला राहतो. तसेच तिचा मार्ग ती फिरत आहे की नाही यावर अवलंबून नसतो. व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार ही दोन्ही विधाने काटेकोरपणे खरी नाहीत. अक्ष हळूहळू वळतो, म्हणजे त्याला परांचन गती प्राप्त होते आणि वस्तूचा मार्गही परिवलनामुळे अत्यल्प प्रमाणात बदलतो. यांपैकी पहिला परिणाम प्रत्यक्ष मोजला गेला आहे. दुसरा इतका सूक्ष्म आहे, की सूर्यकुलातील वस्तूंच्या बाबतीत तो केवळ गणितातच दिसतो. [⟶ घूर्णी, सापेक्षता सिद्धांत].

स्थिर दिशेचा प्रश्न : फ्रेंच भौतिकीविज्ञ लेआँ फूको (१८१९–६८) यांनी १८५१ मध्ये पॅरिस येथील पँथिऑन या वास्तूत टांगलेल्या लंबकाच्या साहाय्याने पृथ्वीचे परिवलन दाखवून दिले. पुढील वर्षी त्यांनी याच कामासाठी घूर्णीचा उपयोग केला. पृथ्वी फिरत असली, तरी घूर्णीचा अक्ष तिच्याबरोबर वळत नाही. तो ताऱ्यांशी जडलेला असावा तसा राहतो. घूर्णीला ही दिशा कोण ठरवून देतो, हा प्रश्न येथे निर्माण होतो. न्यूटन यांचे उत्तर ‘निरपेक्ष अवकाश’ असे होते. एर्न्स्ट माख (१८३८–१९१६) यांना ते मान्य नव्हते. विश्वातील इतर सर्व द्रव्याच्या संदर्भातच परिवलनाला अर्थ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्यावर या विचाराचा प्रभाव पडला होता. १९१५ च्या अखेरीस त्यांनी पूर्ण केलेल्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात अवकाश-काल हे निश्चल रंगमंचासारखे राहिले नाही. द्रव्य आणि ऊर्जा यांमुळे ते वक्र होते आणि ही वक्रता वस्तूंच्या गतीचे नियमन करते. त्यामुळे घूर्णीची ‘स्थिर दिशा’ ही निसर्गाने कायमची आखून दिलेली दिशा नसून, त्या त्या ठिकाणच्या अवकाश-कालाने ठरवून दिलेली दिशा असते. निरनिराळ्या ठिकाणच्या अशा स्थिर दिशा परस्परांशी जुळतीलच असे नाही. त्या किती जुळत नाहीत, हे मोजणे म्हणजेच वक्रता मोजणे होय.

समांतर स्थानांतरण : वक्र पृष्ठावर एखादी दिशा ‘न वळविता’ वाहून नेणे म्हणजे काय, हे पृथ्वीच्या गोलाच्या उदाहरणावरून समजू शकेल. विषुववृत्तावरील एका ठिकाणी उत्तरेकडे रोखलेला बाण घेऊन एक प्रवासी रेखावृत्ताच्या बाजूने उत्तर ध्रुवापर्यंत गेला, असे समजू. तेथून बाण जराही न वळविता तो पूर्वेकडील ९०° अंतरावरच्या रेखावृत्ताने खाली विषुववृत्तावर आला आणि विषुववृत्तावरून पश्चिमेकडे चालत मूळ ठिकाणी परतला. संपूर्ण प्रवासात त्याने बाण कधीही फिरविला नाही. तरीही परतल्यावर बाण उत्तरेऐवजी पूर्वेकडे रोखलेला असतो. हा ९०° चा फरक प्रवाशाच्या चुकीमुळे पडलेला नसून पृष्ठाच्या वक्रतेमुळे पडलेला असतो. मुक्तपणे पडणारी घूर्णी हा अवकाश-कालातील असाच न वळविलेला बाण आहे. कक्षेतून फिरणारी वस्तू सतत मुक्तपतनाच्या अवस्थेत असते. म्हणून उपग्रहातील घूर्णी एक प्रदक्षिणा पूर्ण करून आली, की तिच्या अक्षात पडलेल्या कोनावरून वक्रतेचा प्रत्यय येतो.

भूमितीय परांचन : डच ज्योतिर्विद व्हिलेम द सिटर (१८७२–१९३४) यांनी १९१६ मध्ये, म्हणजे सिद्धांत प्रसिद्ध झाल्यानंतर लगेचच, या परिणामाचे गणित मांडले. त्यांनी पृथ्वी व चंद्र यांची जोडी ही सूर्याभोवती फिरणारी एक प्रचंड घूर्णी मानली. चंद्राच्या कक्षेचे प्रतल सूर्याच्या गुरुत्वीय क्षेत्रामुळे शतकाला सु. १·९ विकला इतके वळले पाहिजे, असे त्यांना आढळले. या परिणामाला भूमितीय परांचन किंवा द सिटर परांचन म्हणतात. ते प्रदक्षिणेच्याच दिशेने घडते.

याचे कारण एका साध्या प्रयोगाने लक्षात येते. कागदाच्या वर्तुळाकार चकतीतून केंद्रापासून कडेपर्यंत एक अरुंद पाचर कापून काढली आणि कापलेल्या कडा एकमेकींस चिकटविल्या, तर उथळ शंकू तयार होतो. शंकूच्या टोकाभोवती एक फेरी घालून आणलेला बाण मूळ दिशेशी पाचरीच्या कोनाइतकाच कोन करतो. पृथ्वीच्या द्रव्यमानामुळे तिच्याभोवतालचे अवकाश कक्षेच्या प्रतलात असेच किंचित शंक्वाकार होते. ६४२ किमी. उंचीवरील वर्तुळाकार कक्षेचा परीघ सु. ४४,००० किमी. असतो, सपाट अवकाशाच्या हिशोबाने तो जेवढा असायला हवा, त्यापेक्षा केवळ सु. २८ मिमी. कमी भरतो. या तुटीशी संबंधित कोन दर फेरीस सु. ०·०००८ विकला एवढाच असतो; परंतु उपग्रह वर्षातून सु. ५,४०० फेऱ्या घालत असल्यामुळे वर्षाअखेर तो साचून सु. ४·४ विकला होतो. हा एकूण परिणामाचा दोनतृतीयांश भाग होय. उरलेला एकतृतीयांश भाग, म्हणजे सु. २·२ विकला, घूर्णीच्या गुरुत्वीय क्षेत्रातून जाण्याच्या वेगामुळे येतो. अशा रीतीने वर्षाला सु. ६·६ विकला एवढे परांचन अपेक्षित असते.

गुरुत्वीय क्षेत्र तीव्र असेल, तर हाच परिणाम प्रचंड होतो. परिवलन नसलेल्या कृष्ण विवराभोवतीची सर्वांत आतील स्थिर वर्तुळाकार कक्षा त्याच्या क्षितिजाच्या त्रिज्येच्या तिप्पट अंतरावर असते. या कक्षेतील घूर्णीचा अक्ष एकाच फेरीत सु. १०५° वळतो. पृथ्वीभोवती ज्याची गणना विकलेच्या सहस्रांशात करावी लागते, त्याची येथे काटकोनाहूनही मोठ्या कोनात करावी लागते.

संदर्भव्यूहाचे कर्षण : वरील विवेचनात मध्यवर्ती वस्तू स्वतः फिरत नाही, असे मानले आहे. ती फिरत असेल, तर आणखी एक परिणाम दिसून येतो. योझेफ लेन्स (१८९०–१९८५) आणि हान्स टिरिंग (१८८८–१९७६) या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञांनी १९१८ मध्ये असे दाखविले, की फिरणारी वस्तू आपल्याभोवतालचा संदर्भव्यूह काही प्रमाणात आपल्याबरोबर ओढते. घट्ट काकवीत बुडविलेला गोळा फिरविला असता लगतची काकवी त्याच्याबरोबर फिरू लागते आणि तीत तरंगणारी काडी वळते, तसा हा प्रकार आहे. अर्थात ही तुलना मर्यादित अर्थानेच घ्यावयास हवी. कारण अवकाशाला काकवीसारखी श्यानता नसते. विद्युत् चुंबकीशी असलेले साम्य अधिक उद्बोधक आहे. स्थिर विद्युत् भारामुळे केवळ विद्युत् क्षेत्र निर्माण होते, पण भार फिरू लागला म्हणजे चुंबकीय क्षेत्रही निर्माण होते. त्याचप्रमाणे द्रव्य फिरू लागले म्हणजे नेहमीच्या गुरुत्वाकर्षणाच्या जोडीला चुंबकीय क्षेत्रासारखा एक घटक उत्पन्न होतो आणि तो घूर्णीचा अक्ष वळवितो. ध्रुवांवरून जाणाऱ्या, ६४२ किमी. उंचीच्या कक्षेत या परांचनाचे मूल्य वर्षाला केवळ ०·०३९ विकला येते. केसाची जाडी सु. ४०० मी. अंतरावरून पाहिली असता जेवढा कोन होईल, तेवढा हा कोन आहे.

गतीची समीकरणे : सर्व वस्तू गुरुत्वीय क्षेत्रात सारख्याच रीतीने पडतात, हे समतुल्यता तत्त्वाचे सार आहे. व्यापक सापेक्षतेत हे तत्त्व ‘मुक्त वस्तू वक्र अवकाश-कालातील सरलतम मार्गाने जाते’ अशा स्वरूपात मांडतात. तथापि हे विधान बिंदुमात्र वस्तूपुरतेच काटेकोर आहे. परिवलन असण्यासाठी वस्तूला आकारमान असावे लागते आणि आकारमान असले, की तिच्या निरनिराळ्या भागांना किंचित भिन्न वक्रता अनुभवास येते. पोलिश भौतिकीविज्ञ मायरॉन मॅथिसन (१८९७–१९४०) यांनी १९३७ मध्ये या स्थितीतील गतीची समीकरणे मिळविली. ग्रीक भौतिकीविज्ञ आकिलिस पापापेत्रू (१९०७–९७) यांनी १९५१ मध्ये ती दुसऱ्या पद्धतीने सिद्ध केली आणि १९६४ नंतरच्या दशकात विल्यम ग्रेअम डिक्सन यांनी त्यांना अधिक व्यापक स्वरूप दिले. ही समीकरणे या तिघांच्या नावांनी ओळखली जातात.

पहिल्या समीकरणानुसार, वस्तूच्या संवेगातील बदलाचा दर हा अवकाश-कालाची वक्रता, वस्तूचे परिवलन आणि तिचा वेग या तिन्हींवर अवलंबून असतो. विषम चुंबकीय क्षेत्रात लहानशा चुंबकावर जशी प्रेरणा कार्य करते, तशीच वक्रतेमुळे परिवलनी वस्तूवर प्रेरणा कार्य करते आणि ती वस्तू सरलतम मार्गापासून ढळते. दुसरे समीकरण परिवलनातील बदल सांगते. त्यातून असा अनपेक्षित निष्कर्ष निघतो, की परिवलनी वस्तूचा संवेग आणि तिचा वेग एकाच दिशेने असतीलच असे नाही.

या समीकरणांतील अज्ञात राशींची संख्या समीकरणांपेक्षा तीनने अधिक असते. ही केवळ गणिती उणीव नसून तीमागे एक भौतिक अडचण आहे. वस्तूची गती सांगताना तिच्यातील कोणत्या बिंदूची गती सांगावयाची, हे आधी ठरवावे लागते. सामान्यतः यासाठी द्रव्यमानमध्य निवडतात. परंतु परिवलनी वस्तूचा द्रव्यमानमध्य सर्व निरीक्षकांना एकाच ठिकाणी आढळत नाही. धावत्या बैलगाडीच्या चाकाचा वरचा भाग रस्त्याच्या सापेक्ष खालच्या भागापेक्षा अधिक वेगाने जात असतो. मर्यादित सापेक्षता सिद्धांतानुसार अधिक वेग म्हणजे अधिक ऊर्जा आणि अधिक ऊर्जा म्हणजे अधिक द्रव्यमान. म्हणून रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने चाकाचा द्रव्यमानमध्य आसाच्या किंचित वर असतो, तर गाडीत बसलेल्या माणसाच्या दृष्टीने तो आसावरच असतो. अशा सर्व संभाव्य मध्यांची मिळून एक चकती होते. कोनीय संवेगाला द्रव्यमान आणि प्रकाशवेग यांच्या गुणाकाराने भागले असता तिची त्रिज्या मिळते. पृथ्वीच्या बाबतीत ही त्रिज्या सु. ३·३ मी. येते, तर दर सेकंदाला सु. ७० फेरे घेणाऱ्या ३८ मिमी. व्यासाच्या गोळ्याच्या बाबतीत ती जेमतेम एका अणूच्या व्यासाएवढी भरते. गणित करताना यांपैकी कोणता मध्य घ्यावयाचा, हे ठरविणारी पूरक अट घातली म्हणजे समीकरणे पूर्ण होतात. अट बदलल्यास वर्णन बदलते, पण वस्तूचे प्रत्यक्ष वर्तन बदलत नाही.

पृथ्वीभोवतीच्या कक्षेतील अशा गोळ्यावर वक्रतेमुळे कार्य करणारी प्रेरणा काढली, तर ती त्याच्या वजनाच्या तुलनेत एकावर वीस शून्ये एवढ्या पटींहूनही लहान येते. म्हणून उपग्रहातील घूर्णीचा मार्ग सरलतमच मानतात आणि केवळ तिच्या अक्षाच्या दिशेचे निरीक्षण करतात.

उपग्रहातील प्रयोग : कृत्रिम उपग्रहात घूर्णी ठेवून सिद्धांताची कसोटी घेण्याची कल्पना अमेरिकेत १९५९–६० या काळात जॉर्ज प्यू आणि लिओनार्ड शिफ (१९१५–७१) यांनी स्वतंत्रपणे मांडली. ती प्रत्यक्षात येण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला. ‘ग्रॅव्हिटी प्रोब बी’ हा उपग्रह २० एप्रिल २००४ रोजी ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत सोडण्यात आला. त्या वेळी शिफ हयात नव्हते. उपग्रहात क्वॉर्ट्‌झचे चार गोळे होते. त्यांचा व्यास ३८ मिमी. असून त्यांच्या पृष्ठभागावरील चढउतार अणूंच्या ४० थरांपेक्षा कमी होता. पृथ्वी इतक्या प्रमाणात गुळगुळीत असती, तर तिच्यावरील सर्वोच्च पर्वताची उंची काही मीटरच भरली असती. गोळ्यांवर निओबियमाचा पातळ लेप दिलेला होता आणि द्रवरूप हीलियमाच्या साहाय्याने ते सु. १·८ के. तापमानाला ठेवलेले होते. या तापमानाला निओबियम अतिसंवाहक बनते आणि फिरणाऱ्या अतिसंवाहकाभोवती त्याच्या अक्षाच्या दिशेने क्षीण चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्राच्या दिशेवरून गोळ्याला स्पर्शही न करता अक्षाची दिशा समजत असे. तुलनेसाठी उपग्रहावरील दूरदर्शक आयएम पेगासी या ताऱ्यावर रोखलेला होता. ताऱ्याची स्वतःची गती रेडिओ निरीक्षणांनी वेगळी मोजण्यात आली.

कक्षा ध्रुवीय ठेवण्यात एक मर्म होते. अशा कक्षेत भूमितीय परांचन कक्षेच्या प्रतलात, तर कर्षणामुळे होणारे परांचन त्या प्रतलाला काटकोनात घडते. त्यामुळे एकमेकांच्या शेकडो पटींनी लहानमोठे असलेले हे दोन परिणाम वेगळे ओळखता येतात.

ऑगस्ट २००४ ते ऑगस्ट २००५ या काळात निरीक्षणे घेण्यात आली. त्यांच्या विश्लेषणात मात्र एक अनपेक्षित अडचण उद्भवली. गोळे आणि त्यांची घरे यांच्या पृष्ठभागांवर विद्युत् वर्चस् सर्वत्र समान नसून ठिकठिकाणी किंचित भिन्न होते. त्यामुळे गोळ्यांवर अगदी क्षीण, पण मोजावयाच्या परिणामापेक्षा मोठी परिबले कार्य करीत होती. उपग्रहावर जाऊन दुरुस्ती करणे शक्य नव्हते. म्हणून या परिबलांचे गणिती प्रतिरूप तयार करून त्यांचा वाटा वजा करणे एवढाच मार्ग उरला आणि त्या कामास सु. पाच वर्षे लागली. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भूमितीय परांचन वर्षाला ६·६०२ विकला (संभाव्य त्रुटी ०·०१८) आणि कर्षणामुळे होणारे परांचन ०·०३७ विकला (संभाव्य त्रुटी ०·००७) असे आढळले. सिद्धांतानुसार ही मूल्ये अनुक्रमे ६·६०६ व ०·०३९ विकला आहेत. पहिल्या परिणामाची कसोटी उत्तम उतरली. दुसऱ्याच्या बाबतीत सु. एक टक्का अचूकता साधण्याची अपेक्षा होती, ती १९ टक्क्यांवर थांबली.

द सिटर यांनी वर्तविलेल्या चंद्रकक्षेच्या परांचनाचा पडताळा त्याआधीच मिळाला होता. १९६९ पासून चंद्रावर ठेवण्यात आलेल्या परावर्तकांवर लेसर किरण सोडून चंद्राचे अंतर मोजले जाते. या मापनांवरून १९८८ पर्यंत हे परांचन सु. दोन टक्क्यांच्या अचूकतेने निश्चित झाले आणि पुढे ही अचूकता एक टक्क्याहूनही चांगली झाली. लॅजिऑस (१९७६), लॅजिऑस–२ (१९९२) आणि लारेस (२०१२) या, परावर्तकांनी मढविलेल्या गोलाकार उपग्रहांच्या कक्षांच्या प्रतलांचे विस्थापन मोजून कर्षण-परिणामाचा स्वतंत्र पडताळा घेण्यात आला आहे.

पल्सारांची निरीक्षणे : निसर्गात याहून कितीतरी प्रभावी घूर्णी आढळतात. पल्सार हा जलद फिरणारा न्यूट्रॉन तारा असून त्याची रेडिओ शलाका दीपगृहाच्या झोताप्रमाणे दर फेरीस पृथ्वीवरून जाते. दोन ताऱ्यांच्या जोडीत असलेल्या पल्साराचा अक्ष परांचन पावू लागला, म्हणजे शलाकेचा निराळा भाग आपल्याकडे वळतो आणि स्पंदाचा आकार बदलतो. रसेल हल्स व जोसेफ टेलर यांनी १९७४ मध्ये शोधून काढलेल्या जोडीतील पल्साराचे परांचन वर्षाला सु. १·२° अपेक्षित आहे. १९८९ मध्ये त्याच्या स्पंदाच्या आकारात त्यास अनुरूप बदल आढळल्याचे प्रसिद्ध झाले.

दोन्ही घटक पल्सार असलेली जोडी २००३ मध्ये सापडली. हे दोन तारे एकमेकांभोवती सु. २·४५ तासांत प्रदक्षिणा करतात आणि एकाच्या चुंबकीय आवरणामुळे दुसऱ्याला दर फेरीस सु. अर्धा मिनिट ग्रहण लागते. ग्रहणाच्या स्वरूपात वर्षानुवर्षे होत गेलेल्या फरकांवरून आच्छादणाऱ्या पल्साराच्या अक्षाचे परांचन वर्षाला ४·८° (संभाव्य त्रुटी सु. ०·७°) असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, सिद्धांतानुसार ते ५·१° असावयास हवे. त्याच वर्षी या पल्साराची शलाका पृथ्वीच्या दिशेपासून पूर्णपणे ढळली आणि त्याचे स्पंद दिसेनासे झाले. तारा नष्ट झालेला नव्हता; केवळ त्याचा अक्ष वळला होता. २०२० मध्ये, श्वेत खुजा तारा जोडीदार असलेल्या एका पल्साराच्या कक्षेवर त्या खुजा ताऱ्याच्या परिवलनामुळे होणारा कर्षण-परिणाम ओळखण्यात आला.

गुरुत्वीय तरंग आणि भारतीय कार्य : दोन कृष्ण विवरे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात, तेव्हा त्यांचे परिवलन अक्ष कक्षेच्या प्रतलाला लंब नसतील तर कक्षेचे प्रतल डोलू लागते आणि उत्सर्जित होणाऱ्या गुरुत्वीय तरंगांची तीव्रता कमीअधिक होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी असे तरंग प्रथम नोंदले गेल्यापासून, त्यांच्या स्वरूपावरून विवरांचे परिवलन ठरविण्यासाठी प्रस्तुत विषयाचा दैनंदिन उपयोग होऊ लागला आहे. भारतात सी. व्ही. विश्वेश्वर आणि बाला अय्यर यांनी १९९३ मध्ये घूर्णीच्या परांचनाचे, वक्ररेषांच्या भूमितीवर आधारलेले व्यापक विवेचन केले. तरंगांचे क्षीण संदेश गोंगाटातून निवडण्याच्या पद्धतीवर पुणे येथील आयुका या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी यांनी महत्त्वाचे कार्य केले आहे. महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या लायगो-इंडिया या वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.

महत्त्व : ग्रहांच्या गतीवरून अवकाश-कालाच्या वक्रतेचा जो भाग कळतो, तो न्यूटन यांच्या गुरुत्वाकर्षणाहून फारसा वेगळा नसतो. परिवलनी वस्तू मात्र न्यूटन यांच्या यामिकीत जेथे कोणताही परिणाम अपेक्षितच नाही, तेथे कोन दाखविते. म्हणून तिची साक्ष विशेष मोलाची ठरते. फूको यांनी घूर्णीच्या साहाय्याने पृथ्वी फिरते हे दाखविले, ते घूर्णीची दिशा अचल असते असे गृहीत धरून. हे गृहीत पूर्णतः खरे नाही, असे त्याच उपकरणाने सु. दीडशे वर्षांनंतर दाखवून दिले. [⟶ कृष्ण विवर, गुरुत्वाकर्षण, पल्सार].